तिसरा रकाना

काका — वर, चहाला — लगेच

पुसलेली ओळ आधी काकांनी पाहिली. घरात माप घ्यायचं काम त्यांचं. खिडकीची चौकट कुठे अर्धा सूत वाकडी आहे ते त्यांना टेप न लावता कळायचं. खालच्या वर्कशॉपमधून ते जिना चढून आले, काचेवर लिहायची तेलकट लाल पेन्सिल उचलली, स्वतःच्या ओळीत ‘लगेच’ लिहिलं आणि पेन्सिल खोबणीत ठेवता ठेवता थांबले.

सहा ओळी असतात काचेवर. मिस्त्री, काका, बाबा, आई, लांबू, बारकी.

पाच होत्या.

“अगं,” काकांनी आत हाक मारली, “बारकीची ओळ कुणी पुसली?”

“पुसली म्हणजे?”

“म्हणजे नाहीये.”

आई बाहेर आली ती हातातल्या बशीसकट. ही काच दाराच्या डाव्या अंगाला होती, तीन फूट बाय दोन फूट, मागून पांढरी रंगवलेली. तीन रकाने: कोण, कुठे, परत कधी. एकदा मिस्त्री, काकांचे वडील, परगावी शिडीवरून पडून दिवसभर एका रिकाम्या इमारतीत पडून राहिले होते आणि घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते बरे होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी ती बसवली. काच कापणाऱ्यांच्या घरातली पाटी काचेचीच असणार. बाहेर पडताना लिहायचं, आलं की ‘घरी’. अर्धी ओळ लिहायची नाही. आणि आख्खी ओळ, नावासकट, पुसायची ती माणूस कायमचं गेलं तरच. चाळीस वर्षांत तीनदा पुसली गेली होती. आजी वारली तेव्हा. आत्याचं लग्न झालं तेव्हा. आणि काकू बॅग भरून गेली तेव्हा. ती ओळ काकांनी स्वतः पुसली होती, लांबू शाळेत असताना.

बारकीच्या ओळीत साडेतीन वर्षं ‘घरी’ होतं. साथ आली तेव्हा सगळ्यांच्याच ओळीत ते होतं. मग एकेकाचं बदलत गेलं. तिचं राहिलं. आई दर शनिवारी काच पुसताना दोन ओळींना वळसा घालायची, एक मिस्त्रींची आणि एक ही.

“आतल्या खोलीत बघ.”

“मगाशी होती.” आई गेली, आली. बशी अजून हातातच. “नाहीये. फोन चार्जिंगला आहे.”

“मोरीत?”

“भाऊजी, दोन खोल्यांचं घर आहे. नाहीये म्हणजे नाहीये.”

काकांनी काचेला नाक लावलं. रॉकेलचा वास होता. ओल्या फडक्यानं जाणारं नव्हतं ते अक्षर. कुणीतरी खाली जाऊन काच कापायची हिरकणी बुडवायच्या वाटीतलं रॉकेल आणून मुद्दाम घासलं होतं.

“लांब्या! उठ. ए लांब्या!”

“जागाच आहे,” गादीवरून आवाज आला. “मीटिंग दहाला होती ना? दहा कुठे वाजलेत?”

“सव्वादहा वाजलेत.”

“मग उशीर तुम्हीच केलात.”

आत्या — भावांकडे — एकच्या आत हॉस्पिटलला

तिची ओळ या काचेवर नाही, पण या दारातून आत शिरताना ती डोक्यात अशी लिहूनच शिरते. आधी बोटाच्या टोकानं मिस्त्रींच्या ओळीला हात लावायचा, मग चपला काढायच्या.

*मिस्त्री — हॉस्पिटल — मंगळवारी.*

वडिलांना घरात मुलंसुद्धा मिस्त्रीच म्हणायची. दम लागलेला, अँब्युलन्स खाली उभी, आणि हा माणूस ओळ पुरी करूनच जिना उतरला. अक्षर हललेलं, पण ओळ पुरी. मंगळवारी ते गेल्याचा फोन आला. ती स्वतः त्याच हॉस्पिटलात नर्स, ड्युटी दोन मजले वर, आणि तिलाही बघायला मिळालं नाही. तेव्हापासून ही ओळ कुणी पुसायची नाही हे न बोलता ठरलं.

आज तिच्या पर्समध्ये एक अर्ज होता. एक्स-रे विभागात सोमवारपासून सहा महिन्यांचं प्रशिक्षण, नंतर नोकरी. साथीत ज्यांचं शिक्षण नाहीतर काम सुटलं त्या पोरांसाठी. प्रत्येक कर्मचाऱ्याला एकाच नातेवाइकाची शिफारस करता येत होती. एकच अर्ज, एकच शिक्का, आणि खिडकी आज एकला बंद होणार होती.

या घरात बसून असलेली पोरं दोन होती.

बारकी दहावीला परीक्षेशिवाय पास झाली, मग फोनवर कॉलेज, मग फोन बाबांना कामासाठी लागायचा, मग ‘उद्यापासून बसते’, मग नुसतंच बसणं. वय एकोणीस. लांबूनं हॉटेलच्या रिसेप्शनवर शिकाऊ म्हणून दोन महिने काढले, तिसऱ्या महिन्यात हॉटेल बंद पडलं. नंतर पार्सलं वाटली, नंतर गोदामात मोजणी, नंतर काही नाही. वय चोवीस. उंची सहा फूट दोन इंच, त्यातले पाच फूट कायम गादीवर.

आत्यानं मनाशी बारकीचं नाव पक्कं करून ठेवलं होतं. आणि आता बारकीच नव्हती.

“धाकटा कुठाय?” तिनं विचारलं.

“शोधायला गेलेत,” आई म्हणाली. “पुलाच्या बाजूला.”

पुलाच्या बाजूलाच का, हे कुणी विचारलं नाही.

“काही म्हणाली होती? भांडण?”

“नाही हो ताई. काल मी फक्त म्हणाले की उद्या आत्या येणार आहे, तुझा निर्णय करायचाय. तर म्हणाली, माझा निर्णय मीटिंग घेऊन करणार का? मी म्हटलं, तू करत नाहीस म्हणून. एवढंच.”

“एवढंच!” काका म्हणाले. “एवढं पुरतं.”

“तुम्ही बोलू नका भाऊजी. परवा जेवताना कोण म्हणालं, हिच्या ओळीवरून हात फिरवला तर शाई नाही, धूळ लागेल?”

“मी चेष्टेनं म्हणालो.”

“तिनं रॉकेलनं पुसली.”

लांबू दारात उभा राहून दोन्ही हातांनी वरची चौकट धरून लटकत होता, लहानपणापासूनची खोड. पूर्वी पाय हवेत राहायचे.

“हे बघा,” आत्या म्हणाली, “घाबरायचं नाही. हॉस्पिटलात रोज बघते मी. ज्यांना जायचं असतं ते पुसत बसत नाहीत.”

“म्हणजे?” आईनं विचारलं.

आत्याला आपण काय बोलून बसलो ते कळलं. “म्हणजे काही नाही. येईल. अर्ज मी घेऊन आलेय, ती आली की सही, आणि मी पळते.”

“आणि नाही आली तर?” काका म्हणाले.

“दादा.”

“नाही, मी विचारतोय. वाजलेत किती? अकरा. तुला इथून पोचायला पाऊण तास. एक पोर इथे हजर आहे. माझं आहे म्हणून म्हणत नाही.”

“माझं आहे म्हणूनच म्हणताय,” आई म्हणाली. “पोरगी घरात नाही आणि तुम्ही तिच्या जागेला टेप लावताय.”

“तिची जागा? कुठे लिहिलंय तिचं नाव?” काकांनी अर्ज हातात घेतला. “हे बघ, कोरं आहे. या पोराची आई गेली तेव्हा कुणी जागा राखून ठेवली होती याच्यासाठी?”

“बाबा, बस,” लांबू म्हणाला.

“तू बोलूच नकोस. तुझ्यासाठीच भांडतोय.”

“तेच म्हणतोय. नका.”

आत्या उठून पुन्हा काचेपाशी गेली. खरं तर तिला काही सुचत नव्हतं, आणि सुचत नसलं की ती वडिलांच्या ओळीशी जायची. “बघा रे,” ती म्हणाली, “हे अक्षर बघा. श्वास पुरत नव्हता त्या माणसाला. तरी परत कधी ते लिहून गेला. आणि या पोरीला दोन शब्द लिहायचा कंटाळा! मिस्त्रींची नात म्हणायची!”

लांबू — (गादीवर) — (मुलाखत झाली की)

कंसात लिहायची परवानगी नव्हती, पण लांबूनं कधीतरी लिहिलं आणि कुणी पुसलं नाही. त्याच्याकडून अपेक्षा इतक्या खाली आल्या होत्या की कंससुद्धा चालून गेला.

त्याला ती जागा हवी होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याचा फोन आला त्या रात्रीपासून तो हाडांची चित्रं बघत होता, मनगटात आठ हाडं असतात हे त्याला आता माहीत होतं, आणि त्यांची नावं पाठ करताना चार वर्षांत पहिल्यांदा डोकं गरम झाल्यासारखं वाटलं होतं. पण बारकीच्या आधी हात पुढे करायचा नाही हेही त्यानं ठरवलेलं होतं. म्हणून लोळत राहणं बरं. लोळणाऱ्याला कुणी विचारत नाही.

पण आत्याचं ते वाक्य. दोन शब्द लिहायचा कंटाळा.

“ते मिस्त्रींचं अक्षर नाहीये,” तो म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही असं आधी वाटलं.

“काय म्हणालास?”

“बारकीचं आहे.” त्यानं चौकट सोडली. “मी जिन्यात होतो. त्यांची बॅग माझ्या हातात होती. मिस्त्रींनी पेन्सिल घेतली आणि ती पडली हातातून. दोनदा पडली. मग तिला म्हणाले, तू लिही. तिनं लिहिलं, मिस्त्री, हॉस्पिटल. मग तिनं विचारलं, परत कधी लिहू?”

आई खाली बसली.

“ते म्हणाले, तू सांग. तर ती म्हणाली, मंगळवार? ते म्हणाले, चालेल. तेव्हा शुक्रवार होता. पंधरा वर्षांची होती ती, तिनं आपला अंदाज केला. हात थरथरत होता तो तिचा.”

“आणि तू हे आज सांगतोस?” काका म्हणाले.

“तुम्ही सगळे तेराव्याच्या आधीच त्या ओळीला हात लावून रडायला लागलात. आत्या तर दर वेळी. कधी सांगणार होतो? तिनं शप्पथ घातली होती. म्हणाली, सांगितलंस तर सगळे म्हणतील मंगळवार हिनं लिहिला.”

आत्यानं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. साडेतीन वर्षं त्या बोटानं ती काय शिवत होती.

मग आई बोलली, आणि तिचा आवाज सरळ होता, दुकानात गिऱ्हाइकाला माप परत विचारतात तसा.

“ताई, लांबूचं नाव लिहा.”

“काय?”

“तिला त्या हॉस्पिटलात पाठवायचं नाही. कुठल्याही खिडकीत बसवू नका तिथल्या. मला कळलंच नाही. मी आई आहे आणि मी त्या ओळीला वळसा घालून काच पुसत बसले. लिहा लांबूचं.”

“नाही,” काका म्हणाले. “आता नाही. थांबू. पोरगी येऊ दे.”

“मगाशी तुम्हीच—”

“मगाशी मला माहीत नव्हतं!”

“बारा वाजलेत भाऊजी.”

“वाजू देत. एका अर्जासाठी मी त्या पोरीच्या—”

“माझ्या पोरीचं मी बघते! तुम्ही तुमच्या पोराचं बघा. चार वर्षं तो चौकटीला लटकतोय. तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. मी रोज त्या गादीला वळसा घालून जाते.”

आत्या एकीकडून दुसरीकडे बघत होती. तासाभरापूर्वी काका लांबूसाठी आणि आई बारकीसाठी भांडत होती. आता भांडण तेच, बाजू बदललेल्या. शेवटी तिनं पेनचं टोपण दातानं काढलं.

“लांब्या. पूर्ण नाव सांग.”

त्यानं सांगितलं. सही करताना त्याचं अक्षर फार चांगलं आलं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

— —

रॉकेलचा वास नखांतून जात नव्हता. बाकावर बसल्या बसल्या बारकीनं तिसऱ्यांदा बोटं हुंगली.

तिला फक्त ‘घरी’ पुसायचं होतं. फडक्यानं निघेना, पाण्यानं निघेना. पेन्सिलची जुनी चरबी काचेला धरून बसली होती. म्हणून रॉकेल. एक थेंब पुरला असता, पण थेंब घरंगळला आणि नावही ओढत घेऊन गेला. मग तिनं पेन्सिल उचलली. पुन्हा नाव लिहायचं, मग ‘हॉस्पिटल’, आणि मग तिसरा रकाना.

आत चहा उकळल्याचा आवाज येत होता. पेन्सिल काचेवर टेकली होती. परत कधी? दोन वाजता. दोन का? तीन लिहिलं तर? समजा तीन लिहिलं आणि... अर्धी ओळ लिहायची नाही. तिनं पेन्सिल खोबणीत ठेवली आणि चपला हातात घेऊन जिना उतरली. विचार केला असता तर परत वर गेली असती.

पाऊण तासाचं अंतर तिनं दीड तासात कापलं. चौकात सिग्नल तीनदा हिरवा होऊ दिला. रस्ता अरुंद झाला होता की तीच रुंद झाली होती कोण जाणे. लोक तिच्या अंगावरून चालल्यासारखे जात होते. हॉस्पिटलच्या फाटकाशी ती एका झाडाला धरून उभी राहिली, मग आत गेली, मग बाहेर आली, मग पुन्हा आत. रखवालदार म्हणाला, “ताई, एकदा ठरवा. दार माझं आहे, पण पाय तुमचे आहेत.”

तिला हसू आलं. बाहेरच्या माणसाच्या बोलण्यावर शेवटचं कधी हसली होती?

तळमजल्यावर एक्स-रेच्या दाराबाहेर रांग होती. तिच्याच वयाची एक मुलगी एका म्हाताऱ्याला फळीपाशी उभं करत होती. “आजोबा, श्वास घ्या. धरा. धरा. सोडा.” म्हातारा म्हणाला, “परत घेऊ का?” ती म्हणाली, “घ्याच, रोज घ्या.” बारकी दाराच्या फटीतून बघत राहिली. सांगायचं, आणि माणसानं करायचं, आणि मग तो कपडे घालून घरी जायचा. किती सोपं होतं. किती...

खिडकीवरच्या कारकुनाला तिनं विचारलं, अर्ज कुठे द्यायचा. तो म्हणाला, शिफारस आहे? ती म्हणाली, आत्या आणतेय. आणि बाकावर बसली. आत्या येणारच होती. मीटिंगमध्ये बसून ‘हिचं काय करायचं’ ऐकण्यापेक्षा इथे बसणं बरं. घरचे तिथे ठरवतील, ती इथे ठरवून बसली होती. दोन्ही टोकं एका रेघेवर येतील.

बारा सत्तेचाळीसला आत्या फाटकातून धावत आली. तिच्या पुढे लांबू, दोन ढांगांत पायऱ्या चढत, हातात कागद उंच धरलेला.

त्यानं तिला पाहिलं आणि पायरीवरच उभा राहिला. आत्या मागून त्याच्या पाठीवर आदळली.

“बारके?”

“किती वेळ लावलात,” बारकी म्हणाली. “खिडकी बंद होईल.”

आत्यानं तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि गदगदा हलवलं. “मेले, तुझा बाप पुलावर उभा आहे! पुलावर! कळतंय का तुला?”

“का?”

“का म्हणे! ओळ पुसलीस ना?”

बारकीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला. “रॉकेल घरंगळलं,” ती म्हणाली. “मी तसं नाही... मला फक्त ‘घरी’ पुसायचं होतं.”

आत्या खाली बाकावर बसली आणि तोंडावर पदर धरून, हसत की रडत, हलत राहिली. मग तिनं घरी फोन लावला आणि फक्त “आहे, आहे, माझ्यासमोर आहे” असं चारदा म्हणाली.

बारकीचं लक्ष कागदाकडे गेलं. लांबूनं तो पाठीमागे नेला, पण सहा फूट दोन इंचांच्या माणसाला काही लपवता येत नाही.

“दाखव.”

“हे आपलं घाईत—”

“दाखव रे.”

तिनं वाचलं. नाव, वय, सही. शिक्का.

“मी फाडतो,” लांबू म्हणाला. “आत्या, दुसरा मिळेल ना? खोडून लिहू. कारकुनाला सांगू चूक झाली.”

“खाडाखोड घेत नाहीत,” आत्या म्हणाली. “एकच मिळतो.”

“मग फाडतो. कुणीच नाही जाणार. सारखं.”

बारकीनं कागद घट्ट धरून ठेवला. ती दीड तास चालली होती. ती आत आली होती. दाराच्या फटीतून तिनं आपली जागा नीट बघून ठेवली होती, फळी कुठे, पडदा कुठे. एवढं सगळं करून आली, आणि तिकडे घरी कुणीतरी—

“मनगटात हाडं किती?” तिनं विचारलं.

“आठ,” लांबू पटकन म्हणाला, आणि गोरामोरा झाला.

“लोळत पाठ केलीस ना? रात्री पुटपुटतोस, भिंतीतून ऐकू येतं.” तिनं कागद त्याच्या छातीवर दाबला. “मिस्त्री काय म्हणायचे? हिरकणी एकाच रेघेवर दोनदा फिरवायची नाही. काचही जाते, हिरकणीही जाते. जा, खिडकीवर दे. मला राग आलाय, तो मला येऊ दे. पण तू दे.”

“बारके...”

“लांब्या, मान खाली घाल आणि दे. बारा बावन्न झाले.”

तो गेला. ती पाठमोरी उभी राहिली, तो परत येईपर्यंत.

बाबा — पूल — आलो

घाईत त्यांनी हेच लिहिलं होतं, पुलावरून परत आल्यावर. ‘आलो.’ असं कुणी लिहीत नाही.

दोन वाजता तिघं जिन्यावर दिसली. आईनं पुढे होऊन बारकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोच हात तिथेच ठेवला. काका नुसतेच खाकरले. “धूळ म्हणालो ते मागे घेतो,” ते म्हणाले. “शाईच होती. जाता जात नव्हती.”

बाबा शेवटच्या पायरीवर बसले होते. ते कमी बोलायचे. काच कापणारा बोलत बसला तर बोट जातं.

“लिहून जायला काय झालं होतं?” त्यांनी विचारलं.

“दुसरा रकाना लिहिता येतो मला,” बारकी म्हणाली. “तिसरा नाही येत.”

“लांबूनं सांगितलं सगळं, तुझ्या आईला.”

तिनं लांबूकडे पाहिलं. लांबूनं छताकडे.

“तुम्ही म्हणाल मंगळवार मी लिहिला.”

मग आत्या म्हणाली, “त्यांनी चालेल म्हटलं होतं ना गं?”

“हो.”

“मग त्यांनी लिहिला. हात तुझा होता.” आणि तिच्याच लक्षात आलं की हे तिला स्वतःलाही ऐकायचं होतं.

बाबा उठले. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि काचेचे चारही स्क्रू सोडवले. चाळीस वर्षांत काच पहिल्यांदा भिंतीवरून निघाली. मागे भिंतीचा रंग जुना, वेगळाच निघाला. ती काखेत धरून ते खाली वर्कशॉपमध्ये गेले. सगळे मागोमाग.

टेबलावर घोंगडी. घोंगडीवर काच. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यामधल्या रेघेवर त्यांनी लाकडी पट्टी ठेवली.

“दादा, याला सांग काहीतरी,” आत्या म्हणाली. “मिस्त्रींची...” आणि तिथेच थांबली. कुणाची ओळ म्हणायची ते तिलाच ठरवता येईना.

बाबांनी हिरकणी रॉकेलच्या वाटीत बुडवली. वाटीत रॉकेल कमी होतं. त्यांनी वाटीकडे पाहिलं, बारकीकडे पाहिलं, आणि हिरकणी तिच्या हातात दिली.

“मी?”

“मिस्त्रींनी तुला शिकवलंय. मला न सांगता. मला सगळं माहीत असतं.”

“साडेतीन वर्षं हात नाही लावला बाबा. आणि ही जुनी काच आहे.”

“जुनी काच हट्टी असते,” काका मागून म्हणाले. “मध्ये थांबू नकोस. बस.”

“तुम्ही मापाचे, दादा. कापायचं आम्हाला सांगू नका,” बाबा म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य होतं.

तिनं अंगठा पट्टीला लावला. वरच्या कडेपासून ओढत आणली, सर्र, एकच बारीक आवाज, एकसारखा. अर्ध्यावर मनगट थकलं. शेवटच्या दोन बोटांवर रेघ डावीकडे सरकली, तिला जाणवलं, थांबावंसं वाटलं, मागे जाऊन नीट करावंसं वाटलं. ती मागे गेली नाही. कडेपर्यंत नेली.

बाबांनी काच टेबलाच्या काठाशी आणली. “दाब.”

टक्.

तिसऱ्या रकान्याची पट्टी सुटली. ‘परत कधी’, ‘मंगळवारी’, ‘लगेच’, ‘आलो’, लांबूचा कंस, सगळं एका निमुळत्या तुकड्यावर. खालचा कोपरा वेडावाकडा गेला होता. उरलेल्या काचेवर लांबूच्या ‘गादीवर’मधला ‘र’ अर्धा कापला गेला.

“माझी गादी कापलीस,” लांबू म्हणाला.

“सोमवारपासून कुठे लोळणार आहेस,” बारकी म्हणाली.

आत्या तुकड्याकडे हात नेत होती. बारकीनं तिचं मनगट धरलं. “धार आहे. फडक्यात घे.” आत्यानं तो फडक्यात गुंडाळला, छातीशी धरला, आणि कोपऱ्यातल्या फुटक्या काचांच्या पिंपापाशी जाऊन आवाज न करता आत ठेवला.

अरुंद झालेली काच पुन्हा भिंतीवर चढली. काठ घासून घेऊ, बाबा म्हणाले, उद्या.

“कारकून म्हणाला सहा महिन्यांनी पुढची तुकडी आहे,” बारकीनं कुणालाच उद्देशून नाही असं सांगितलं. “पण त्याला बारावीची गुणपत्रिका लागते. बाहेरून परीक्षेला बसता येतं. ते केंद्र मागच्या गल्लीत आहे, शनिवारी चारपर्यंत उघडं. आज शनिवार आहे.”

“जेवून जा,” आई म्हणाली.

“आल्यावर.”

तिनं पेन्सिल घेतली. रिकाम्या ओळीत नाव लिहिलं. पुढे ‘केंद्र’. हात सवयीनं उजवीकडे सरकला आणि काच संपली. तिनं पेन्सिल ठेवली.

आई जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. खाली पायऱ्यांवर चपला वाजत होत्या, भरभर, मग हळू, मग थांबल्या. आईनं कठडा धरला. वाकून बघितलं नाही.

“आई,” खालून आवाज आला.

“काय गं?”

“येते.”